खिमडाचा पहिला कप

“झाकन उघडलंस तं हात मोडीन,” असं मला बजावून फेलीसआत्या लुगडं बदलायला आतल्या खोलीत गेली, आणि तिची पाठ वळल्याबरोबर मी झाकण उघडलं.

दुसऱ्या दिवशी माझं लग्न होतं. आम्हा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीनं काडी इकडची तिकडं करायची नसते. सगळ्यांनी तिला पाटावर बसवून तिचं कौतुक करायचं आणि तिनं लाजायचं. मला लाजणं कधी जमलं नाही, बसणं तर त्याहून नाही. पण त्या दिवशी मी चुलीजवळ गेले ती काही बसून कंटाळा आला म्हणून नव्हे.

चुलीवर तांब्याच्या मोठ्या हंड्यात खिमड होतं. ज्यांनी ते कधी प्यायलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी साखर करपवायची, चांगली लालबुंद. तिच्यावर पाणी ओतून त्यात गवती चहा, आलं, दालचिनी, लवंग, जायफळ असं सगळं उकळायचं. ते उतरलं की शेवटी मोहाची दारू. दारू पडली की चुलीतला जाळ ओढून घ्यायचा, हंडा नुसत्या निखाऱ्यांवर ठेवायचा आणि झाकणाच्या कडेनं तांदळाच्या पिठाचा गोळा थापून वाफ कोंडायची. त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही. आलीच, तर दारू उडून जाते आणि मागं राहतो तो मसाल्याचा चहा.

आमचं गावठण खाडीच्या तोंडावर. जानेवारीत तिथं वारा सुटतो तो थेट हाडात शिरतो, आणि लग्नं सगळी त्याच दिवसांत. अशा गारठ्यात कढत खिमडाचा एक कप पोटात गेला की म्हातारी माणसंसुद्धा कंबर सैल करून नाचायला लागतात. फेलीसआत्या, म्हणजे पप्पांची थोरली बहीण, खिमड करण्यात गावात पहिली. तिच्या हातचं खिमड प्यायला न बोलावलेले लोकही येत आणि त्याचा तिला फार अभिमान होता.

तर हे असं नावाजलेलं खिमड मला उकळून टाकायचं होतं. मी पिठाचा थर नखांनी सोलला, झाकण काढलं, चुलीत दोन सुकी लाकडं सारली आणि फुंकणी तोंडाला लावली.

हे मी पप्पांसाठी करत होते. माझे पप्पा, बस्त्याव, गावठणाच्या बँडात ट्रम्पेट वाजवायचे आणि वाजवण्याइतकंच मन लावून प्यायचे. एकदा एका बाप्तिस्म्याच्या मिरवणुकीत त्यांनी मयताची धून वाजवली, अगदी सुरात आणि शेवटपर्यंत. त्या दिवशी बँडनं त्यांना नारळ दिला. घर चालवलं ते आयनं. आयचं नाव कार्मेलीन, पण गावाची ती कार्मू. वाडीतली भाजी टोपलीत भरायची, होडीनं खाडी ओलांडून बाजारात बसायची, घरी येऊन चूल पेटवायची आणि मग पप्पांना शोधायला निघायची. आमचं शिक्षण, घरावरची कौलं, माझं ठरलेलं लग्न, सगळं तिच्या त्या टोपलीतून आलं.

मागच्या ईस्टरला पप्पांनी दारू सोडली. नवस केला नाही, शपथ घेतली नाही, कुणाला सांगितलंही नाही. आम्हाला ते कळायलाच काही आठवडे गेले. आयचा तर विश्वासच बसेना, आणि तिचं चुकत नव्हतं. यापूर्वी दोनदा त्यांनी अशीच सोडली होती. दोन्ही वेळा कुठल्यातरी आनंदाच्या प्रसंगी कुणीतरी प्रेमानं त्यांच्या हातात कप दिला होता. एकच कप. दुसऱ्या खेपेला तो एक कप संपला तेव्हा ते आम्हाला खाडीकाठच्या खाजणातल्या चिखलात सापडले, आणि आयनं त्यांना पाठीवर टाकून घरी आणलं होतं.

या खेपेला मात्र नऊ महिने होत आले होते. त्यांच्या चेहऱ्यावरची सूज उतरली होती. ट्रम्पेट बाहेर निघालं होतं, राखेनं घासून लख्ख झालं होतं. सकाळी माळ्यावर बसून ते हळूच सूर धरायचे आणि आय खाली भाजी निवडताना ऐकत नसल्याचं सोंग करायची. बँडनंही त्यांना परत घेतलं. माझ्या उंबराच्या पाण्याला पप्पा सगळ्यांच्या पुढं राहून वाजवणार, असं ठरलं होतं.

उंबराचं पाणी म्हणजे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायकांनी घागरी घेऊन वाजतगाजत विहिरीवर जायचं आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणायचं. आमच्या गावठणात त्याला एक रीत जोडलेली. मिरवणूक निघण्याआधी बँडच्या मास्तरानं सगळ्यांसमोर हंड्यातून पहिला कप भरायचा आणि नवरीच्या बापाला द्यायचा. बापानं तो पिऊन उपडा करून दाखवायचा. कप उपडा झाल्याशिवाय बँड वाजत नाही. बापानं कप नाकारला, तर त्याला हे लग्न मान्य नाही असा अर्थ. पूर्वी एका बापानं तो खरंच नाकारला होता आणि नवऱ्याकडची माणसं मांडवातूनच माघारी गेली होती. ही गोष्ट आम्हा मुलींना लहानपणापासून पाठ होती.

म्हणजे पप्पांनी कप प्यायला तर पप्पा गेले, आणि नाही प्यायला तर माझं लग्न गेलं. मी त्यांना विचारून पाहिलं, तर ते नुसतं “बघू” म्हणाले. आय रात्र रात्र जागी असायची हे मला कळत होतं. शेवटी मी आत्याला म्हटलं, पप्पांचा कप तेवढा वेगळा कर. तिनं मला झटकून टाकलं. एका हंड्यातलं सगळ्यांनी प्यायचं, तेच तर खिमड, असं ती म्हणाली. मग मला एकच वाट राहिली. कप वेगळा होत नसेल तर सगळा हंडाच तसा करायचा.

उकळी फुटली तसा स्वयंपाकघरात असा काही वास कोंदला की माझे डोळे चुरचुरायला लागले. तेवढ्यात एक ठिणगी उडाली आणि हंड्याच्या तोंडावर निळी ज्योत सरसरून फिरली. मी झाकणाला हात घातला. पण झाकण टाकावं तर दारू आत राहणार. मी देवमातेचं नाव घेत तशीच उभी राहिले. ज्योत हंड्यावर नाचत राहिली, लहान होत गेली आणि आपली आपण विझली. मी डावभर चाखलं. आलं होतं, लवंग होती, गोडवा होता, पण दारूचा मागमूस नव्हता. माझं डोकं मात्र त्या वाफेनं हलकं झालं होतं. मी जाळ ओढला, झाकण ठेवलं, पीठ पुन्हा थापलं आणि भिंतीला धरून पाटावर येऊन बसले.

आत्या लुगडं नेसून आली तेव्हा माझे गाल तापले होते आणि नजर खाली होती. तिनं माझी हनुवटी वर केली. शेवटी लाजलीस म्हणायची एकदाची, असं म्हणून ती खूश झाली.

संध्याकाळी मांडव भरला. वारा असा होता की बँडवाले वाद्यांची तोंडं कोटात घालून ऊब देत होते आणि पुन्हा पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. नवऱ्याकडची माणसं खुर्च्यांवर रांगेनं बसली होती. सगळ्यांत पुढं नवऱ्याची मावशी होती, अंगानं चांगली भरलेली आणि नजरेनं कुणाला न सोडणारी. मी मधोमध पाटावर. विहिरीचं पाणी येईपर्यंत नवरीनं पाटावरून उठायचं नसतं. आय मांडवाच्या कडेला इतर बायकांबरोबर कमरेवर घागर घेऊन उभी होती. तिच्या तोंडावर रंग नव्हता. तिला सांगावं असं मला फार वाटलं होतं, पण ती क्षणभर एकटी सापडली नाही.

माझा जीव मात्र थाऱ्यावर होता. त्या मांडवात घाबरण्यासारखं काही नाही हे मला एकटीला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

बँडचे मास्तर दुमिंगकाका म्हणजे पप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांनी हंडा मांडवात आणवला, पिठाचा थर मोडला आणि डाव आत घातला. त्याच वेळी फेलीसआत्या माझ्या केसांतली फुलं सारखी करायच्या निमित्तानं वाकली आणि माझ्या कानाशी लागली.

“रेजी, तुना एकलीला सांगते. माजं खिमड वाया गेलतं.”

मी मान वळवली नाही.

“चूल जास्त तापली वाटते. मगाशी चाखलं तं निस्ता चाय. आक्क्या जन्मात मना असं झालं नाय. मंग पावन्यांसाठी ठेवलेल्या बाटल्या व्हत्या, त्या सगल्या वतल्या. आता कडक झालंय, पयल्यापरीस कडक. कोनाला बोलू नको.”

आपल्या हातून चूक झाली असं तिला वाटत होतं, आणि ती निस्तरली याचं समाधानही होतं. मी समोर बघितलं. दुमिंगकाकांनी भरलेला कप पप्पांच्या हातात दिला होता आणि त्यातून वाफ निघत होती.

मी उठले. बायकांनी मला दोन्ही बाजूंनी धरून खाली बसवलं, नवरीनं उठू नये म्हणून कुणीतरी रागावलंही. मग मी हाक मारली. “पप्पा,” एवढंच आलं. मांडव इतका शांत होता की तेवढंही सगळ्यांना ऐकू गेलं.

पप्पांनी कपावरून माझ्याकडं बघितलं. माझ्या हाकेची त्यांना गरज नव्हती. ज्या माणसानं सगळं आयुष्य त्या वासात काढलं, त्याला चाखून बघावं लागत नाही. त्यांच्या नाकपुड्या फुलल्या, गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. हात थरथरला आणि थोडं खिमड त्यांच्या अंगठ्यावर सांडलं. मी त्या अंगठ्याकडं बघत राहिले. आता तो तोंडाशी जाणार असं मला वाटलं. पप्पांनी तो पँटला पुसला.

दुमिंगकाका समजुतीच्या सुरात म्हणाले की एका कपानं काही होत नाही, पोरीसाठी घे. नवऱ्याच्या मावशीनं खुर्ची पुढं ओढली.

पप्पा तिच्याकडं वळले. “बाय, तुमी ऐका, मंजे मागनं गैरसमज नको. पोरीचं लगीन मना पसंत हाय. पोरगा पसंत हाय. हा कप मी नाकारत नाय.”

मग ते मांडवाकडं फिरले.

“पन पयला कप बापाचा असतो. माज्या घरात बापाचं काम कोनी केलं, ते सगल्या गावाला ठाव हाय. माजी पोरं कोनी पोसली, कोनी शिकवली, आनि मना खाजनातून कोनी उचलून आनला. तिचा हा कप.”

ते चालत मांडवाच्या कडेला गेले. बायका आपोआप बाजूला झाल्या. आयच्या समोर उभं राहून त्यांनी दोन्ही हातांनी कप पुढं केला.

“घे, कार्मू.”

दुमिंगकाका गोंधळले. अशी रीत नाही, आजवर कुणी असं केलं नाही, असं काहीतरी पुटपुटले. पप्पांनी मागं वळूनही बघितलं नाही.

आमच्या बायका खिमड आवडीनं पितात, त्यात चोरी नाही. पण माझ्या आयनं लग्न झाल्यापासून त्याचा थेंब जिभेला लावला नव्हता. घरात एक पिणारा पुरे, असं ती म्हणायची. ती लगेच हात पुढं करीना. पप्पांच्या तोंडाकडं बघत राहिली. काय बघत होती ते मला तिथून दिसत नव्हतं. पण पप्पांचे हात आता थरथरत नव्हते, ते मात्र दिसत होतं.

आयनं घागर खाली ठेवली. पदराला हात पुसले. कप घेतला आणि तसाच कढत, मध्ये श्वाससुद्धा न घेता, सगळा प्यायली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. खिमडामुळं आलं असं ती पुढं जन्मभर सांगत राहिली. तिनं हात उंच करून कप उपडा केला. एक थेंबही पडला नाही.

मग नवऱ्याची मावशी उठून उभी राहिली.

“पोरगी आमाला पसंत व्हतीच,” ती म्हणाली. “आज विहीन पन पसंत झाली.”

मांडवात हसण्याची लाट आली, हंड्यातून भरलेले कप हातोहात फिरले आणि सगळे एकदम बोलायला लागले. आयनं रिकामा कप दुमिंगकाकांच्या हातात ठेवला, घागर पुन्हा कमरेवर घेतली आणि पप्पांना म्हणाली, “बघतोस काय? वाजव.”

पप्पांनी ट्रम्पेट उचललं. पहिला सूर गारठ्यानं फाटला. त्यांनी ट्रम्पेटचं तोंड मुठीत धरून गरम केलं, ओठ पुसले आणि पुन्हा लावलं. या खेपेला सूर निघाला तो सरळ खाडीपलीकडं गेला असेल. मागून क्लॅरिनेट आलं, ढोल आला, आणि बघता बघता सगळा मांडव उठून विहिरीकडं चालू लागला. कुणाचे पाय वेडेवाकडे पडत होते, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकला होता. आत्याचं खिमड खरंच कडक झालं होतं. आणि सगळ्यांच्या पुढं, ट्रम्पेटच्या अगदी शेजारी, माझी आय घागर सांभाळत नाचत होती. मी तिला त्याआधी कधी नाचताना बघितलं नव्हतं.

पप्पा त्यानंतर कधी प्यायले नाहीत. मरेपर्यंत नाही. लोक विचारायचे, कसं जमलं, तर म्हणायचे, माझा कप दुसऱ्या कुणीतरी पिऊन टाकला.

त्या संध्याकाळी मिरवणूक गेल्यावर मांडवात मी आणि आत्याच उरलो. ट्रम्पेट लांब लांब जात होतं. मला राहवेना. मी आत्याला म्हटलं, तुझी चूल जास्त तापली नव्हती, हंडा मी उकळला. तिला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं मारायला हात उचलला, तो तसाच वर राहिला आणि ती खाली बसून पोट धरून हसायला लागली.

“बरा झाला मी वतलं,” ती डोळे पुसत म्हणाली. “चाय दिला असतास तं माजा भाव बस्त्याव आज निस्ता चाय पिऊन सुटला असता.”

पप्पांना वाचवायला मी सगळ्या गावाला फसवायला निघाले होते, आणि पप्पांनी सगळ्या गावासमोर खरं बोलून स्वतःला वाचवलं होतं. फक्त स्वतःला नाही, आयच्या सगळ्या वर्षांनाही. मला इतका आनंद झाला होता की पाटावर बसवत नव्हतं.

मिरवणूक परत आली तेव्हा सूर्य खाडीत बुडत होता. पप्पांचा चेहरा वाजवून वाजवून लाल झाला होता आणि ते अजून थांबायला तयार नव्हते. दुमिंगकाका आयला आणखी एक कप भरून देत होते आणि ती नको नको म्हणत घेत होती. मग ती घागर घेऊन माझ्याकडं आली. विहिरीचं पाणी बर्फासारखं होतं. तिनं ते माझ्या डोक्यावर ओतलं तशी मी किंचाळले आणि बायका खदाखदा हसल्या.

आयनं घागर बाजूला ठेवली, माझं ओलं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचा मुका घेतला. तिच्या तोंडाला दारूचा वास येत होता. लहानपणी घरात तो वास आला की मी गोधडी डोक्यावर ओढून भिंतीकडं तोंड करायची. त्या संध्याकाळी मी कुडकुडत आयच्या गळ्यात हात टाकले आणि तो वास छाती भरून घेतला.